खुरजी, पाट आणि सायकल : आल्पुहाराच्या वाटांचा इतिहास

उत्तर युरोपात हिवाळा लांबू लागला की दक्षिण स्पेनच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. समुद्रकिनाऱ्यांच्या जाहिराती जुन्याच आहेत. गेल्या काही दशकांत त्यांत डोंगरी सायकलींच्या सहलींची भर पडली आहे. विमानाने मालागाला उतरायचे, आठवडाभर एखाद्या डोंगरी गावात मुक्काम करायचा. रोज सकाळी सायकली गाडीवर लादून वर न्यायच्या आणि वाटाड्याच्या मागोमाग अरुंद पायवाटांनी खाली उतरायचे. संध्याकाळी गावच्या चौकात वाइनचा पेला आणि त्याच्याबरोबर येणारी खाद्याची छोटी बशी. या सर्व जाहिरातींचा नायक एकच असतो, तो म्हणजे ऊन.

उत्तरेच्या माणसाने दक्षिणेला दिलेले हे विशेषण आहे. ज्याच्याकडे ऊन नाही त्याला ते दिसते. त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला ऊन कधी मोजावे लागले नाही. त्याने मोजले ते पाणी. ज्या वाटांवरून आज सायकली उतरतात त्यांपैकी कितीतरी वाटा पाण्याच्या हिशेबातून जन्मल्या, आणि तो हिशेब मांडणारी माणसे तिथून हाकलली गेली. सहलीच्या पत्रकात हा मजकूर नसतो. तो तिथे असावा अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. पण वाट ही वस्तू नुसती उताराची असते की तिला स्मृतीही असते, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांना टाळता येत नाही. म्हणून आम्ही येथे ग्रानादाच्या दक्षिणेकडील आल्पुहारा या एकाच मुलुखाच्या वाटांचा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

१

सिएरा नेवादा म्हणजे बर्फाळ डोंगररांग. तिचे सर्वोच्च शिखर मुलासेन, उंची ३,४७९ मीटर. ग्रानादाच्या अखेरच्या काळातील सुलतान अबुल हसन अली, म्हणजे स्पॅनिश लोकांचा मुले हासेन, याच्यावरून ते नाव पडले. अरब लेखक या पर्वताला 'शुलैर' म्हणत आणि त्याचा अर्थ 'सूर्याचा पर्वत' असा लावला जातो. म्हणजे जाहिरातदारांच्या आधी हजार वर्षे हा डोंगर सूर्याच्या नावाने ओळखला जात होता. मात्र त्या नावाने ओळखणाऱ्यांनी त्याच्याकडून मागितले ते बर्फाचे पाणी.

या पर्वताची दक्षिण उतरण म्हणजे आल्पुहारा. शिखरापासून भूमध्य समुद्र सरळ रेषेत चाळीस किलोमीटरांच्या आत आहे. एवढ्या अंतरात हिमरेषेपासून उसाच्या शेतापर्यंतचे सगळे हवामान सामावलेले. खाली पाऊस तोकडा आणि उन्हाळा कोरडा. वर मात्र हिवाळ्याचे बर्फ वसंतापर्यंत साठून राहते. हे बर्फ वितळून एका दमात समुद्राला मिळाले तर उन्हाळ्यात पिकाला थेंब उरत नाही. या अडचणीवर आंदालुसियाच्या मुस्लिम शेतकऱ्यांनी पाटांचे जाळे उभारून उत्तर शोधले. या पाटाला स्पॅनिश भाषेत आजही 'आसेकिया' म्हणतात; मूळ शब्द अरबी 'अस्‌-साकिया'.

त्यांतला एक प्रकार फार विलक्षण आहे. त्याला 'कारेओ' म्हणतात. वसंतात वितळलेले पाणी उंचावरच्या कच्च्या पाटांनी वळवून डोंगराच्या अशा भागात सोडायचे, जिथली जमीन सच्छिद्र आहे. तिथे ते मुद्दाम मुरू द्यायचे. जमिनीच्या पोटातून सावकाश झिरपत ते काही आठवड्यांनी वा महिन्यांनी खालच्या गावांच्या झऱ्यांत प्रकटते, नेमके कोरड्या दिवसांत. धरण नाही, टाकी नाही; डोंगरालाच टाकी केलेले. गळती हा एरवी पाटाचा दोष समजला जातो. इथे गळती हेच प्रयोजन आहे.

पाट बांधला की त्याच्या कडेने वाट लागतेच. गाळ काढायला, फुटलेला बांध लिंपायला, पाळीनुसार दार उघडायला कोणीतरी रोज त्या कडेने जावे लागते. आपल्याकडे खानदेशातल्या फड पद्धतीत पाटकरी असतो तसा तिथे 'आसेकिएरो'. त्याच्या पावलांनी मळलेली वाट डोंगराच्या अंगाला धरून जवळजवळ सपाट जाते, कारण पाण्याला हलकासाच उतार लागतो. दुसरी वाट खेचराची. ती गाव, गिरणी, पायऱ्यांची शेते आणि घाट यांना जोडते. चढ तीव्र असेल तिथे नागमोडी होते, आणि तिच्या वळणाची रुंदी लादलेल्या खेचराला अंग वळवता यावे एवढी असते. माती वाहून जाऊ नये म्हणून चढावर दगडांची फरसबंदी केलेली. आजचा सायकलस्वार ज्या अवघड वळणाचे कौतुक करतो, त्याचे माप अशा रीतीने एका जनावराच्या लांबीवर बेतलेले आहे.

भाषेनेही हे जपले आहे. खेचरांच्या तांड्याला स्पॅनिशमध्ये 'रेकुआ' म्हणतात. तो शब्द अरबी. खोगिरावर दोन्ही बाजूंना टाकायच्या पिशवीला 'आल्फोर्खा' म्हणतात. तो अरबी 'अल्‌-खुर्ज' पासून आला. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. बखरींच्या काळापासून आपल्या घोडेस्वाराच्या मागे जी 'खुरजी' लटकत आली, ती याच कुळातली, फक्त फारसीच्या दाराने आपल्याकडे आलेली. आणि आज स्पेनमध्ये सायकलीच्या मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी ज्या पिशव्या अडकवतात त्यांनाही 'आल्फोर्खा'च म्हणतात. जनावर गेले, वाहन बदलले, शब्द राहिला.

असे शब्द दोन्ही टोकांना आणखी आहेत. संस्कृत शर्करेपासून आपली साखर झाली आणि त्याच शब्दाचा पश्चिमेकडे गेलेला वंशज अरबी 'अस्‌-सुक्कर' होऊन स्पेनमध्ये 'आसुकार' झाला. शब्दाबरोबर ऊसही गेला. आल्पुहाराच्या पायथ्याशी मोत्रिल आणि सालोब्रेन्या या किनारी गावांभोवती अरबांच्या काळापासून ऊस पिकत होता. तिथला अखेरचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद पडला. संस्कृतातले नारंग फारसी आणि अरबीतून तिकडे 'नारान्खा' झाले. ज्या 'दक्षिणेकडच्या' बागांचे आकर्षण उत्तरेच्या प्रवाशाला वाटते, तिची निम्मी झाडे पूर्वेकडून आलेली आहेत.

२

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा शहर फर्नांडो आणि इसाबेल यांच्या ताब्यात गेले. त्याआधी नोव्हेंबर १४९१ मध्ये झालेल्या तहात पराभूतांना त्यांचा धर्म, कायदा आणि चालीरीती राखण्याची हमी दिली होती. शेवटचा सुलतान बोआब्दिल याला आल्पुहारात जहागीर मिळाली. पण तो तिथे फार काळ राहिला नाही आणि १४९३ मध्ये समुद्र ओलांडून मोरोक्कोत गेला. तहाची शाई वाळायला मात्र सात-आठ वर्षेच लागली. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस याने ग्रानादात सक्तीची सामूहिक धर्मांतरे सुरू केली, त्यातून पहिला उठाव झाला आणि तो मोडल्यावर हमीही मोडीत निघाली. बाप्तिस्मा घेतलेल्या या मुसलमानांना 'मोरिस्को' हे नाव पडले.

१ जानेवारी १५६७ रोजी दुसऱ्या फिलिपचे फर्मान ग्रानादात जाहीर झाले. अरबी बोलणे-लिहिणे, मोरिस्को पद्धतीचा पोशाख, स्त्रियांचे तोंड झाकणे, स्नानगृहे, पारंपरिक नाचगाणी या सगळ्यांवर बंदी आली. त्या फर्मानाविरुद्ध फ्रान्सिस्को नून्येझ मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने सादर केलेला अर्ज आज उपलब्ध आहे. त्याचा युक्तिवाद असा की, पोशाख हा धर्माचा नसून प्रांताचा असतो. मोरोक्कोतले आणि तुर्कस्तानातले मुसलमान वेगवेगळे कपडे घालतात. अरबी भाषा म्हणजे इस्लाम नव्हे, कारण पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबीच बोलतात. स्नानगृह हे अंग धुण्यासाठी असते. म्हाताऱ्या माणसांना नवी भाषा कोण शिकवणार? चारशे साठ वर्षांपूर्वीच्या या अर्जात संस्कृती आणि धर्म यांची जी फोड केलेली आहे, ती आजही पुष्कळांना करता येत नाही.

मराठी आणि कोंकणी वाचकाला हे प्रकरण परके वाटू नये. इबेरियातून निघालेले धर्मन्यायालय १५६० मध्ये गोव्यात स्थापन झाले. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने धोतर, चोळी आणि लग्नविधींतल्या देशी रीतींवर बंदी घातली. मुलूख दूरचे, काळ वेगळा; पण जीभ आणि अंगावरचे वस्त्र यांच्यावरच पहिला घाला घालण्याची ही पद्धत एकाच द्वीपकल्पात घडलेली होती.

अर्जाचा उपयोग झाला नाही. १५६८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला आल्पुहारात बंड पेटले. बंडखोरांनी एर्नांदो दे कोर्दोबा इ व्हालोर याला राजा केले आणि त्याने आबेन उमेया हे नाव घेतले. दोन वर्षांहून अधिक काळ हे युद्ध दऱ्याखोऱ्यांत चालले आणि दोन्ही बाजूंनी अत्यंत क्रूरपणे चालले. बंडखोरांनी धर्मगुरू आणि ख्रिस्ती रहिवासी मारले. राजाच्या सैन्याने गावेच्या गावे कापली आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकले. आबेन उमेया १५६९ मध्ये स्वतःच्याच माणसांकडून मारला गेला. त्याच्या मागून आलेला आबेन आबू १५७१ मध्ये, तसाच. राजाचा सावत्र भाऊ डॉन जॉन याने बंड मोडून काढले.

त्याहून मोठी गोष्ट १५७० च्या नोव्हेंबरात घडली. ग्रानादाच्या राज्यातल्या मोरिस्कोंना गोळा करून कास्तिलच्या दूरदूरच्या गावांत पांगवण्यात आले. इतिहासकारांच्या मते ही संख्या सुमारे ऐंशी हजार होती. बंडात भाग न घेतलेलेही त्यांत होते. थंडीत, पायी, पहाऱ्यात झालेल्या या स्थलांतरात पुष्कळ वाटेतच मेले. उरलेल्यांवर आणि स्पेनमधल्या इतर मोरिस्कोंवर पुन्हा पाळी आली ती १६०९ ते १६१४ मध्ये; तेव्हा सुमारे तीन लाख माणसांना देशाबाहेर काढण्यात आले.

आल्पुहारा ओस पडला. उत्तरेकडून, गालिसिया, आस्तुरियास, लेऑन अशा पावसाळी प्रांतांतून वसाहतकरी आणून तो पुन्हा वसवण्याचा प्रयत्न झाला. आता पाहा: ज्याच्या गावी पाऊस मुबलक, त्याच्या हाती असा मुलूख आला जिथे पीक पाटाच्या पाळीवर उभे असते. कोणता पाट कोणत्या दिवशी उघडायचा, कारेओचे पाणी कुठे सोडले तर कुठे निघते, हे कागदावर नव्हते, माणसांत होते. म्हणूनच, नवख्यांना ही विद्या शिकवण्यापुरती काही मोरिस्को कुटुंबे गावोगाव ठेवून घेतली, असे तिथे परंपरेने सांगितले जाते. या डोंगराचे पहिले वाटाडे म्हणायचे तर ते हेच. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

३

एकोणिसाव्या शतकात आंदालुसिया हा उत्तरेच्या प्रवाशांचा स्वप्नप्रदेश झाला. वॉशिंग्टन आयर्विंग १८२९ मध्ये आल्हाम्ब्रात राहिला आणि १८३२ मध्ये त्याचे त्यावरचे पुस्तक निघाले. त्यात मातेओ खिमेनेझ नावाचा स्थानिक वाटाड्या आहे. आयर्विंगच्या कितीतरी कथा त्याच्याच तोंडच्या. रिचर्ड फोर्डची प्रवाशांसाठीची स्पेनविषयक मार्गदर्शिका १८४५ मध्ये आली. खुद्द आल्पुहारावर पेद्रो आंतोनिओ दे आलार्कोन याने १८७४ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात मोरिस्कोंच्या बंडाची आठवण गावागावांच्या निमित्ताने जागवली.

या प्रवाशांचे वाहन होते खेचर आणि मार्गदर्शक होता 'आर्रिएरो', म्हणजे खेचरवाला. मासे, मीठ, धान्य, तेल, त्रेवेलेझचे वाळवलेले डुकराचे मांस असे सगळे तोच वाहून नेई. वेलेता शिखराखालचे बर्फ ग्रानादाच्या सरबतवाल्यांपर्यंत पोहोचवणारे 'नेवेरो' त्याचेच भाईबंद, आणि त्यांच्या नावाची वाट आजही आहे. त्याला वाट माहीत होती कारण ती त्याची भाकरी होती. परदेशी पाहुणा हा त्याच्या ओझ्यातला एक नग.

१९२० मध्ये जेराल्ड ब्रेनन हा तरुण इंग्रज येगेन या गावी घर घेऊन राहिला. त्याच वर्षी लिटन स्ट्रेची त्याला भेटायला आला. तो प्रकृतीने नाजूक. खेचराच्या पाठीवरचा तो प्रवास त्याला किती असह्य झाला याचे मिस्कील वर्णन ब्रेननने १९५७ च्या आपल्या पुस्तकात केले आहे. १९२३ मध्ये व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ तिथे येऊन गेले. मोटाररस्ता नसलेल्या गावात इंग्रजी साहित्याचे हे दिग्गज खेचरवाल्याच्या भरवशावर पोहोचले, हे चित्र आम्हांला मोठे बोलके वाटते. विद्वत्ता पाहुण्याकडे, ज्ञान वाटाड्याकडे.

हे नाते पुढे तुटले. यादवी युद्ध (१९३६ ते १९३९) आणि त्यानंतरची उपासमार यांनी डोंगर खिळखिळा केला. १९५९ च्या आर्थिक धोरणबदलानंतर किनाऱ्यावर पर्यटनाचा महापूर आला आणि डोंगरातली माणसे कातालोनियाकडे, जर्मनीकडे, किनाऱ्यावरच्या हॉटेलांकडे निघून गेली. मोटाररस्ते आल्यावर खेचरवाट निरुपयोगी ठरली. पाट उपसायला हात उरले नाहीत. जिथे पाट सुकला तिथे त्याच्या कडेचे चेस्टनट वृक्षही सुकले. वाट बुजायला वेळ लागत नाही. दोन-तीन पावसाळे आणि थोडी काटेरी झुडपे पुरतात.

४

सायकल आली ती या रिकाम्या झालेल्या डोंगरात. डोंगरी सायकलीचा जन्म १९७० च्या दशकातला, कॅलिफोर्नियातल्या मारिन परगण्यातला. जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन काही तरुण मातीच्या उतारांवरून शर्यती लावू लागले. १९९० मध्ये तिची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये ती ऑलिम्पिकला पोहोचली. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या लोहमार्गांचे हिरवे मार्ग करण्याची योजना सुरू झाली. त्यांतला पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरांचा मार्ग मोठा गमतीचा आहे: १९२० च्या दशकात त्याचे काम निघाले, तीस बोगदे खणले गेले, पूल उभे राहिले आणि आगगाडी कधीच धावली नाही. तिथले पहिले नियमित प्रवासी म्हणजे सायकलस्वार आणि पादचारी. पुढे सिएरा नेवादाला प्रदक्षिणा घालणारा सुमारे ४५० किलोमीटरांचा सायकलमार्गही आखला गेला.

२००० साली डोंगरी सायकलींची जागतिक स्पर्धा सिएरा नेवादातच भरली. सायकलींच्या इतिहासात या सालाची नोंद तेवढ्यापुरती होते. त्याच साली, फेब्रुवारीत, आल्पुहाराच्या पायथ्याशी किनाऱ्यालगतच्या एल एखिदो येथे दुसरी एक घटना घडली होती. प्लॅस्टिकच्या छपरांखाली युरोपसाठी भाजीपाला पिकवणारा हा मुलूख. तिथे राबणारे बहुसंख्य मजूर मोरोक्कोतून आलेले. एका तरुणीच्या खुनाचे निमित्त होऊन त्यांच्यावर जमावाने हल्ले केले. घरे, दुकाने, प्रार्थनास्थळ फोडले, कित्येक कुटुंबांना माळरानावर लपून राहावे लागले. ज्या समुद्रापलीकडे चार शतकांपूर्वी मोरिस्कोंना ढकलले होते, तिकडूनच आलेल्या माणसांना पुन्हा एकदा पळावे लागले. त्यांच्यात मोरिस्कोंचे वंशज किती, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. एकाच वर्षी, एकाच पर्वताच्या वर आणि खाली, परक्या माणसाचे दोन स्वागत झाले, एवढेच लक्षात ठेवण्याजोगे.

आणि विस्मरणही समान वाटलेले नाही. १४९२ मध्ये हद्दपार केलेल्या ज्यूंच्या वंशजांना स्पेनने २०१५ च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झालेला नाही.

५

मग सायकलस्वाराने काय करावे? त्याच्यावर चार शतकांचे ओझे लादावे, असा आमचा आग्रह नाही. तो सुट्टीवर आलेला आहे, आणि उताराचा आनंद खोटा नसतो. शिवाय न्यायाने पाहिले तर त्याने काही वाटा जिवंत ठेवल्या. जी वाट कोणी चालत नाही ती नाहीशी होते. खेचराच्या खुरांनंतर सायकलीच्या चाकांनी ती उघडी ठेवली असेल, तर तेही एक प्रकारचे पाटकरीपणच. दुसरी बाजूही आहे. वेगाने ब्रेक दाबत उतरणाऱ्या चाकांनी माती सुटते, पाटाचा कच्चा बांध ढासळतो, जुनी फरसबंदी निखळते. सिएरा नेवादाला १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यानंतर सायकल कुठे न्यावी आणि कुठे नाही यावर निर्बंध आहेत, ते याच कारणाने.

मुद्दा वाटाड्याचा आहे. आज सहलींचा वाटाड्या अनेकदा स्वतःच उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेला असतो. त्याला वाट माहीत असते ती उताराच्या अंगाने: कुठे वळण तीव्र, कुठे खडी सैल, कुठे ब्रेक सोडावा. हे ज्ञान खरे आहे आणि कमावलेले आहे. खेचरवाल्याला मात्र वाट माहीत होती ती गिरणीच्या, झऱ्याच्या, कोणाच्या शेताच्या अंगाने. या दोन ज्ञानांची गाठ घालणे अशक्य नाही. पाणी प्यायला सगळे थांबतातच. ज्या पाटाशी थांबलो तो कोणी खणला, हे सांगायला दोन मिनिटे पुरतात.

असे सांगण्याची सोय होऊ लागली आहे. ग्रानादा विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञांनी २०१४ पासून स्वयंसेवक आणि गावकरी यांच्या मदतीने बुजलेले पाट उपसून पुन्हा वाहते करण्याचे काम चालवले आहे. हवामान तापत असताना शेकडो वर्षांपूर्वीची कारेओची युक्ती आता अभ्यासकांना पुन्हा मोलाची वाटते. इतिहास इथे संग्रहालयात गेलेला नाही. तो फावड्याने काढावा लागतो.

स्पेनच्या कायद्यातली एक तरतूद या संदर्भात आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. मेंढपाळांच्या जुन्या चराईवाटांना तिथे सार्वजनिक मालमत्तेचा दर्जा आहे. मध्ययुगात, १२७३ मध्ये, दहाव्या आल्फोन्सोने मेंढपाळांच्या संघाला दिलेल्या हक्कांपर्यंत त्यांची परंपरा मागे जाते. १९९५ च्या कायद्याने या वाटांवर पायी फिरणे, घोड्यावरून जाणे आणि बिनइंजिनाच्या वाहनांची क्रीडा यांना परवानगी दिली, एका अटीवर: कळप आला तर अग्रक्रम कळपाचा. सायकलीने थांबायचे, मेंढ्यांना जाऊ द्यायचे. त्या कायद्यात मोरिस्कोंचा उल्लेख नाही, पाटांचा नाही. तरीही वाटेवर आपल्याआधी कोणीतरी होते आणि त्याचा हक्क आपल्या वेगापेक्षा जुना आहे, एवढे तरी त्याने लिहून ठेवले आहे.